आधी बोर्डात न्यूट्रल, मग अलेक्सा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच कळेल. वाकडला टू बीएचकेचा ताबा मिळालाय, पीओपी आणि फर्निचरचं काम सुरू आहे. वाढदिवसाला आलेला इको डॉट, म्हणजे अलेक्सावाला छोटा स्पीकर, अजून खोक्यातच आहे. तुमच्याकडे अँड्रॉइड फोन, मिसेसकडे आयफोन. आई-वडील आता कायमचे राहायला येणार आणि दोघंही मराठीच बोलतात. भाऊ न्यू जर्सीहून गणपतीला येतोय, 'तिकडून काय काय आणू?' म्हणून विचारतोय. वायरमनने आठ दिवसांची मुदत दिलीय. आणि तुम्हाला हवंय एका ओळीचं उत्तर: अलेक्सा, गूगल की सिरी? ते एकदा ठरलं की बाकीची खरेदी त्याच्याशी जुळवून करता येईल, असा तुमचा हिशोब.

हा हिशोब उलट्या टोकाने सुरू झालाय. वायरिंगच्या कामात मला पंधराएक वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी अशी घरं 'स्मार्ट' करण्यात गेली. काम संपल्यावर ज्या घरांतून मला पुन्हा पुन्हा बोलावणं आलं, तिथे भांडण अलेक्साशी क्वचितच होतं. पंखा घुरघुरतोय, दिवा आपोआप लागतोय, नवा राउटर आल्यापासून काहीच चालत नाही, सासूबाई बटण बंद करतात आणि मग सगळं ठप्प होतं, अशाच तक्रारी असतात. स्पीकर नंतर कधीही बदलता येतो. २०१७ च्या शेवटी इको भारतात आला, पुढच्या एप्रिलमध्ये गूगल होम आला, आणि २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने अलेक्सा प्लस काढली, गूगलने असिस्टंटच्या जागी जेमिनी आणायला घेतलं. सात-आठ वर्षांत एवढी उलथापालथ. भिंतीतली वायर मात्र तुमच्या मुलाच्या लग्नापर्यंत तीच राहणार आहे. तेव्हा मी भिंतीपासून सुरुवात करतो, स्पीकरवर शेवटी येतो.

पहिला निर्णय: हुशारी बल्बमध्ये घालायची की बोर्डात? दुकानात आणि जाहिरातीत दिसतो तो स्मार्ट बल्ब, कारण तो विकायला सोपा. माझ्या एका ग्राहकाने मला न विचारता बावीस बल्ब घेतले होते. पहिल्या रात्री त्यांच्या आईने चाळीस वर्षांच्या सवयीने झोपताना घरातली सगळी बटणं बंद केली. बटण बंद म्हणजे बल्बला वीज नाही, वीज नाही म्हणजे तो वायफायवर नाही, आणि सकाळी अलेक्सा म्हणणार की उपकरण प्रतिसाद देत नाही. मग बटणांवर सेलोटेप लावण्यात आली. पाहुणे आले की त्यांना टेपचा अर्थ समजावून सांगायचा. दोन महिन्यांत टेप गेली, आणि नंतर ते बल्ब साधे बल्ब म्हणूनच जळत राहिले. रंगीत प्रकाश हवा असेल तिथे, टीव्हीमागे किंवा मुलांच्या खोलीत, एखाददुसरा बल्ब जरूर घ्या. घर मात्र त्यांच्यावर उभारू नका.

तुमच्या घराला बोर्डामागे बसणारी रिले मॉड्यूल्स, म्हणजे हुकमावर चालू-बंद होणारे छोटे स्विच, योग्य. नेहमीचं मॉड्युलर बटण जागच्या जागी राहतं, त्याच्या मागे काडेपेटीएवढं मॉड्यूल बसतं, आणि बटणाच्या वायरी त्या मॉड्यूलला जातात. हाताने दाबलं तरी दिवा लागतो, फोनवरून लावला तरी लागतो, कोणी कशाने बंद केला याने काही अडत नाही. आईंना नवीन काहीच शिकायला लागत नाही. हौस असेल तर काचेचं टच पॅनल घेता येतं, दिसतं छान. पण ओल्या हाताने, अंधारात चाचपडत बटण शोधणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होतो. घरात सत्तरीची माणसं असली की मी टचची शिफारस करत नाही. इंटिरियरवाले माझ्यावर नाराज होतात, होऊ देत.

मॉड्यूलला स्वतःला जागं राहायला वीज लागते, त्यासाठी बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, हवी. आपल्याकडे बहुतेक बोर्डांत एखादं सॉकेट असतं, म्हणून न्यूट्रल आपसूक आलेली असते. अडचण होते ती नुसत्या बटणांच्या बोर्डात: बेडच्या उशाशी असलेलं टू-वे बटण (एकच दिवा दोन जागांहून लावायचं), बाथरूमबाहेरचा छोटा बोर्ड, बाल्कनीचं बटण. तिथे वायरमन फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आणि दिव्याकडे जाणारी वायर नेतो, कारण साध्या बटणाला तेवढंच पुरतं. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल्सही मिळतात. ती दिव्यातूनच थोडा करंट सोडून स्वतःचं पोट भरतात, मग कमी वॉटचा एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो किंवा फडफडतो. तुमच्या भिंती अजून उघड्या आहेत. आज एक जादा वायर ओढण्याचा खर्च किरकोळ आहे, पुट्टी आणि रंग झाल्यावर तोच खर्च डोळ्यांत पाणी आणतो. त्याच सपाट्यात बोर्डाचे बॉक्स जरा खोल घ्यायला सांगा. उथळ बॉक्समध्ये मॉड्यूल कोंबलं की वायरी दाबल्या जातात आणि तापतात.

आता पंखा. परदेशातले व्हिडिओ पाहून घर ठरवणारे इथे हमखास फसतात, कारण तिकडच्या व्हिडिओत छताचा पंखा हा विषय जवळपास नसतोच, आणि आपलं घर तर पंख्यावरच चालतं. साध्या पंख्याला वेग बदलायचा तर मॉड्यूलवर पंख्यासाठीचं वेगळं चॅनेल हवं, ज्यात आत कपॅसिटर असतात. दिव्याच्या रिलेवर पंखा लावला तर तो फक्त चालू-बंद होईल. दिव्याच्या डिमरवर लावला तर गुणगुणायला लागेल आणि मोटर तापेल. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा घेणार असाल तर आणखी वेगळं. साध्या पंख्याला सत्तर-ऐंशी वॉट लागतात तिथे हा तिशीच्या आसपास भागवतो, म्हणून मी तोच घ्यायला सांगतो. पण त्याच्या आत स्वतःचा कंट्रोलर असतो, त्याला सरळ, पूर्ण वीज द्यायची. रेग्युलेटर किंवा पंख्याचं चॅनेल मध्ये घातलंत तर कंट्रोलर उडू शकतो. त्याचा वेग रिमोटनेच बदलतो.

आणि रिमोट दोन जातींचे. इन्फ्रारेडवाला असेल तर खोलीत एक आयआर ब्लास्टर (रिमोटसारखेच इन्फ्रारेड सिग्नल सोडणारा छोटा डबा) ठेवून तो पंखा अलेक्साच्या हुकमात आणता येतो. रेडिओवाला असेल तर साधा आयआर ब्लास्टर त्याला काहीच करू शकत नाही. ओळखायचं कसं? दुकानात फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि अनेक हजारांची चूक वाचवते. थेट वायफायवाले पंखेही मिळतात. ते घ्यायला हरकत नाही, पण मग रिमोट हरवला तरी वेग बदलता येतो का ते बघा. वडिलांना पंखा कमी करायला फोन उघडावा लागता कामा नये.

ब्लास्टरचाच विषय निघालाय तर एसी आणि टीव्हीचंही सांगून टाकतो. एकच ब्लास्टर एसीवर उत्तम चालतो आणि टीव्हीवर गोंधळ घालतो, असं लोक म्हणतात. त्याला कारण आहे. एसीचा रिमोट दर वेळी पूर्ण निरोप पाठवतो: चालू, कूल, २६, पंखा मध्यम. निरोप दोनदा गेला तरी बिघडत नाही. टीव्हीच्या रिमोटवर बहुधा चालूला आणि बंदला एकच बटण, एकच सिग्नल. टीव्ही आधीच चालू असताना तुम्ही 'टीव्ही लाव' म्हणालात तर तो बंद होणार. ब्लास्टर आंधळा आहे, समोर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून एसीसाठी ब्लास्टर बेलाशक घ्या, वायफायवाल्या एसीसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही. टीव्ही स्मार्ट असेल तर तो नेटवर्कवरून जोडा, ब्लास्टरवरून नको. इन्फ्रारेड भिंतीपलीकडे जात नाही, तेव्हा प्रत्येक एसीच्या खोलीत एक ब्लास्टर धरा.

गिझर हा आवाजावर चालवायचा प्रकार मला मनापासून आवडत नाही, पण वेळेवर आपोआप बंद होणारा गिझर सगळ्यांना हवा असतो आणि त्यात खरा फायदा आहे. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो, तोही सलग. ३००० वॉटचा इन्स्टंट असेल तर १३. इथे १६ अँपिअरखालचं काहीही वापरू नका, आणि १० अँपिअरचा स्मार्ट प्लग 'चालतोय की' म्हणून ठेवू नका. वितळलेले प्लग मी गोळा केलेत, एक डबा भरून आहेत. पाण्याच्या मोटरसाठी तर नुसतं मॉड्यूल पुरतच नाही, सुरू होताना मोटर कित्येक पट करंट खेचते. तिथे मॉड्यूलने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंट झेलणारा स्विच, चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने मोटर.

आता जुळण्याचा मुद्दा. खोक्यावर 'अलेक्साबरोबर चालतं' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ काय ते बघा. तुम्ही 'हॉलचा दिवा' म्हणता, तो आवाज अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर जातो, तिथून हुकूम मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि तिथून उलटा तुमच्या भिंतीतल्या मॉड्यूलकडे येतो. दिवा तुमच्यापासून आठ फुटांवर, निरोपाचा प्रवास मात्र दोन-दोन सर्व्हरांना वळसा घालून. रोज चालतं, जलदही चालतं. पण मधली कंपनी उद्या राहिली नाही तर? अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचा हब, म्हणजे घरातली उपकरणं एकत्र जोडणारा डबा, होता. गूगलच्या नेस्टने तो बनवणारी कंपनी घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात हबची सेवा बंद केली. लोकांच्या घरातले चांगले चालणारे डबे एका दिवसात निकामी झाले. स्मार्ट घराची उपकरणं बनवणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर २०२२ च्या एप्रिलमध्ये न सांगता बंद पडले, पुढे जुन्या ग्राहकांच्याच एका गटाने ती विकत घेऊन पुन्हा चालवली म्हणून लोक वाचले. आपल्या बाजारात तर वेगवेगळ्या नावांची कितीतरी उपकरणं आतून तुया या एकाच कंपनीच्या व्यवस्थेवर चालतात. यात वाईट काही नाही, उलट एका अ‍ॅपमध्ये अनेक ब्रँड येतात. फक्त तुम्ही भरवसा नक्की कोणावर ठेवताय ते माहीत असावं.

या कटकटीवर उतारा म्हणून मॅटर आलं. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल वगैरे मंडळींनी २०१९ च्या डिसेंबरात एकत्र येऊन ही समाईक भाषा करायचं जाहीर केलं आणि २०२२ च्या शरदात तिची पहिली आवृत्ती आली. फायदे दोन. हुकूम घरातल्या घरात फिरतो, उत्पादकाच्या सर्व्हरकडे जावं लागत नाही. आणि एकच उपकरण एकाच वेळी अलेक्सा, गूगल आणि अ‍ॅपल तिघांकडे नोंदवता येतं. तुमच्यासारख्या दोन फोनांच्या संसाराला हे दुसरं फार कामाचं.

पण मॅटरचा शिक्का दिसला म्हणून डोळे मिटून घेऊ नका. पहिल्या आवृत्तीत दिवे, प्लग, कुलपं, सेन्सर असले प्रकार होते. पंखा, रूम एसी, वॉशिंग मशीन हे २०२३ च्या १.२ आवृत्तीत आले. आणि मॅटरने एखादा प्रकार मान्य केला तरी अलेक्सा किंवा गूगल तो लगेच हाताळतात असं नाही. शिवाय मॅटरची काही उपकरणं वायफायवर चालतात, काही थ्रेड नावाच्या वेगळ्या रेडिओवर. थ्रेडला घरात एक बॉर्डर राउटर, म्हणजे थ्रेड आणि घरचं नेटवर्क जोडणारा दुवा, लागतो. चौथ्या पिढीचा मोठा गोल इको, होमपॉड मिनी, दुसऱ्या पिढीचा नेस्ट हब यांच्यात तो असतो, तुमच्याकडच्या साध्या डॉटमध्ये नाही. डॉट वायफायवाली मॅटर उपकरणं मात्र चालवतो. आपल्या बोर्डात बसणारी चार बटणांची मॅटर मॉड्यूल्स माझ्या हातात आली ती मोजकीच. मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर अडून बसू नका. घेतलीत तर प्रत्येक मॉड्यूलवरच्या क्यूआरचा आणि अकरा आकडी कोडचा फोटो बोर्ड बंद करण्याआधी काढा, आणि फोटोला बोर्डाचं नाव द्या. मी सुरुवातीला हे केलं नाही. एका घरी चार बोर्ड उघडून कोड वाचत बसलो होतो, फुकट.

मॅटर असो वा नसो, माझी कसोटी एकच आहे आणि ती दुकानात होत नाही. कोणत्याही ब्रँडचा एकच नग आणा, हॉलच्या बोर्डात बसवा, आठ दिवस वापरा. मग राउटरची इंटरनेटची वायर काढा. भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे, नसेल तर नग परत. घरातल्या वायफायवरून अ‍ॅपने चाललं तर उत्तम. मग मेन स्विच पाडा आणि पुन्हा चढवा. वीज आल्यावर काय काय पेटलं ते बघा. याला अ‍ॅपमध्ये वीज परतल्यानंतरची स्थिती असं काहीतरी सेटिंग असतं, ते 'बंद' किंवा 'पूर्वीप्रमाणे' करता आलं पाहिजे. हे न पाहता बसवलेल्या एका घरात पहाटे तीनला वीज आली आणि बेडरूमसकट अख्खं घर लख्ख उजळलं. त्या गृहस्थांचा फोन मला तीन वाजून चार मिनिटांनी आला होता.

वायफायचं गणितही इथेच करून टाका. ही जवळजवळ सगळी उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात, ५ वर नाही. जोडणीच्या वेळी फोन ५ वर असेल आणि दोन्हींचं नाव एकच असेल तर काही मॉड्यूल्स रुसतात, तेवढ्यापुरतं राउटरमध्ये ५ बंद करावं. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेला राउटर वीस-पंचवीस उपकरणांनंतर धापा टाकायला लागतो असा माझा अनुभव. म्हणून चार बटणांमागे एक मॉड्यूल हे गणित परवडतं: तुमच्या घरात नऊ-दहा मॉड्यूल्स होतील. तेच बल्ब घेतले असते तर पंचवीस झाले असते. राउटरला छोटा यूपीएस द्या. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: पुढे राउटर बदलाल तेव्हा नव्याला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सगळी उपकरणं काही न करता जोडली जातात. नाव बदललंत की दहा बोर्ड पुन्हा पहिल्यापासून.

इथपर्यंत भिंत, पंखा आणि वायफाय झालं. आता तुमचा मूळ प्रश्न, कारण तो उरला आहे एवढाच.

दोन फोनांमुळे निम्मं उत्तर आपोआप निघतं. अलेक्साचं आणि गूगल होमचं अ‍ॅप आयफोनवर चालतं. अ‍ॅपलचं होम अ‍ॅप अँड्रॉइडवर चालत नाही. म्हणजे अ‍ॅपलला मुख्य केलंत तर स्वतःच्या घराचा दिवा लावायला तुम्हाला मिसेसचा फोन मागावा लागेल. शिवाय तिथे घराबाहेरून उपकरणं चालवायला होमपॉड किंवा अ‍ॅपल टीव्ही घरात हवाच. तेव्हा अ‍ॅपल दुय्यम म्हणून राहू दे. मिसेसना सिरीने दिवे लावायचे असतील तर मॅटर उपकरणं नंतर तिकडेही नोंदवता येतील.

राहिले अलेक्सा आणि गूगल, आणि इथे निकाल आई-वडिलांच्या भाषेने लागायला हवा. गूगल असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलू लागला, पण फोनवर. घरात ठेवायचे स्पीकर मी बसवतो ते हिंदी नाहीतर इंग्रजीवरच. अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, मराठी नाही. यावर रडत बसण्यापेक्षा एक सोय वापरा. 'चालू कर', 'बंद कर' हे मराठीत आणि हिंदीत जवळपास सारखंच. स्पीकर हिंदी-इंग्रजीवर ठेवला आणि नाव दोन्हीकडे चालणारं दिलं, तर 'अलेक्सा, हॉल बंद कर' हे बऱ्याचदा बरोबर समजतं. नावावर सगळं अवलंबून आहे. देवघर, हॉल, किचन, बाल्कनी ही नावं बिनचूक चालतात. ज्या नावात 'ळ' आहे तिथे हिंदी कान अडखळतो. 'माळा' म्हणा, तिला भलतंच काहीतरी ऐकू येतं. 'स्वयंपाकघर', 'न्हाणीघर' यांच्याही वाटेला जाऊ नका. एका काकांनी सकाळच्या दिव्यांसाठी 'राम राम' हा शब्द रुटीनमध्ये (ठरलेल्या शब्दावर ठरलेली कामं करण्याची सोय) घालून घेतला. उठल्यावर 'अलेक्सा, राम राम' एवढंच म्हणतात, पॅसेज आणि देवघर उजळतं. आधी त्यांना 'उठलो बरं का' हवं होतं, ते काही केल्या जमलं नाही.

तर तुमच्यासाठी अलेक्सा, याचं साधं कारण डॉट घरात आहे आणि हिंदीवर तो काम भागवतो. वडिलांकडे अँड्रॉइड फोन असेल आणि त्यांना पूर्ण वाक्यं मराठीतच बोलायची असतील, तर तीच उपकरणं गूगल होममध्येही जोडून ठेवा. दोन्ही एकाच वेळी चालतात. त्यांनी फोनशी मराठीत बोलावं, तुम्ही डॉटशी. मात्र डॉट स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी आणि टीव्हीच्या बाजूला ठेवू नका.

आईंच्या रात्रीच्या बाथरूमच्या वाटेसाठी मी आवाज, अ‍ॅप काहीच वापरत नाही. पॅसेजमध्ये खाली, गुडघ्याच्या उंचीवर, वायरवर चालणारा साधा मोशन सेन्सरचा दिवा लावतो. त्याला इंटरनेट नको, पासवर्ड नको. झोपेत उठलेल्या माणसाला आज्ञा द्यायला लावायची नसते. दाराचं स्मार्ट कुलूप घेणार असाल तर किल्लीची जागा असलेलंच घ्या, आणि आवाजाने उघडण्याची सोय बंद ठेवा.

आता भाऊ. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. तिकडचा स्मार्ट प्लग इथे अडॅप्टर लावून खोचलात तर धूर निघेल. तिकडची बटणं आपल्या बोर्डाच्या मापात बसत नाहीत. झेड-वेव्हचं (हा स्मार्ट उपकरणांचा आणखी एक रेडिओ) काहीही आणू देऊ नका: त्याची रेडिओ फ्रिक्वेन्सी तिकडे ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, भारतासाठीची ८६५ च्या, दोघं एकमेकांना ऐकू येत नाहीत, आणि तिकडचा पट्टा इथे वापरायला मोकळाही नाही. त्याला काही आणायचंच असेल तर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं किंवा यूएसबीवर चालणारं आणू दे. अ‍ॅपल टीव्ही ४के चालेल, फक्त वायर इथली लावायची. बॅटरीवरचे झिग्बी (हाही असाच एक रेडिओ) सेन्सर चालतील, ते जगभर २.४ गिगाहर्ट्झवरच असतात, पण त्यांना झिग्बीचा हब लागेल. तो नसेल तर तेही नकोत.

वायरमनला उद्या एवढं सांगा: प्रत्येक बोर्डात न्यूट्रल, उशाच्या आणि बाथरूमबाहेरच्या बोर्डांतसुद्धा. बॉक्स खोल. बीएलडीसी पंख्याच्या जागी रेग्युलेटर नको, सरळ पॉइंट. गिझरला स्वतंत्र एमसीबी. राउटर घराच्या मध्यावर येईल अशा जागी एक पॉइंट आणि तिथपर्यंत लॅनची वायर, दाराजवळच्या शू-रॅकमध्ये नको. मॉड्यूल्स नंतर, एक नग तपासून, एकाच ब्रँडची. तो म्हणेल 'साहेब, एवढ्या न्यूट्रलची गरज नसते'. गरज नसते हे त्याचं बरोबर आहे, साध्या घरात नसते.

बेडरूममधली टू-वे बटणं कशी जोडलीत त्यावर मॉड्यूल कुठल्या बोर्डात बसवायचं ते ठरतं, तेवढं बोर्ड उघडून फोटो पाठवलात तर नक्की सांगता येईल. भावाला मात्र आजच फोन करा, त्याची खरेदी व्हायच्या आत.